ड्रुइड, विठ्ठल आणि आपला वारसा

आषाढी जवळ आली की आमच्या पंढरपुरात एक जुना वाद नव्याने उकरून निघतो. विठ्ठल हा मूळचा बुद्ध आहे की नाही? चहाच्या टपरीवर, विहारात, वाचनालयाच्या ओट्यावर आवाज चढतात. आपल्यातला एखादा म्हणतो, "बाबासाहेबांनी सांगितले आहे, विषय संपला." समोरचा म्हणतो, "मग पुरावा दाखवा. नाहीतर तुमचा धर्म १९५६ सालचा, हे कबूल करा." हा टोमणा वर्मी लागतो. आपला तरुण कार्यकर्ता गप्प होतो आणि घरी जाऊन शिलालेखांची पुस्तके उघडतो. प्रस्तुत लेखकानेही ऐन उमेदीची काही वर्षे याच शोधात घालवली आहेत. त्या शोधात जे हाती लागले आणि जे लागले नाही, ते दोन्ही सांगण्याची आता वेळ आली आहे.

कारण खरा प्रश्न विठ्ठलाच्या मूर्तीचा नाहीच. माणसाने स्वीकारलेला धर्म खरा ठरण्यासाठी तो पुरातन असावा लागतो काय, हा आहे. आणि ज्यांच्या हाती हजार वर्षे लेखणी दिली गेली नाही त्यांनी आपला पुरातनपणा सिद्ध करायचा तरी कशाच्या आधारावर? या प्रश्नाशी झुंजलेला एक पंथ युरोपात आहे. त्याचे अनुयायी स्वतःला ड्रुइड म्हणवतात. त्यांची हकीकत आपल्याला आरशासारखी उपयोगी पडेल. म्हणून आधी ती सांगतो आणि मग पंढरपूरला परत येतो.

आजचे फ्रान्स आणि ब्रिटन या भागांत दोन हजार वर्षांपूर्वी ज्या टोळ्या राहत होत्या त्यांना ढोबळपणे केल्ट म्हणतात. त्यांच्या पुरोहितांना ड्रुइड म्हणत. या ड्रुइडांनी स्वतः लिहिलेली एकही ओळ आज उपलब्ध नाही. आपली विद्या लिहून ठेवणे त्यांना निषिद्ध वाटे. ती मुखोद्गत करायची, आणि त्यासाठी काही शिष्य वीस वीस वर्षे गुरूपाशी राहत. ही माहिती तरी कोणी दिली? ज्यूलियस सीझरने, म्हणजे ज्याने गॉल प्रांत तलवारीने जिंकला त्याने. पांढऱ्या वस्त्रातला ड्रुइड सोन्याच्या विळ्याने ओकच्या झाडावरचे बांडगूळ कापतो, हे प्रसिद्ध चित्र प्लिनी या रोमन लेखकाचे. वेल्सजवळच्या मोना बेटावर इसवी सन ६० च्या सुमारास रोमन फौजेने ड्रुइडांवर चाल केली आणि त्यांची पवित्र राई तोडली, हे टॅसिटसने लिहिले. तोही रोमनच. पुढे आयर्लंडच्या जुन्या कथांत ड्रुइड येतात, पण त्या कथा लिहिणारे हात ख्रिस्ती मठवाल्यांचे. थोडक्यात, ड्रुइडांबद्दल जे कळते ते सगळे त्यांना जिंकणाऱ्यांनी किंवा त्यांची जागा घेणाऱ्यांनी लिहिलेले आहे. ज्यांचा इतिहास नेहमी दुसऱ्याने लिहिला, त्या आपल्याला ही स्थिती नवी नाही.

रोमन सत्तेखाली ड्रुइड संपले. मध्ये हजार दीड हजार वर्षांची पोकळी गेली. मग सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या विद्वानांना अचानक आपल्या देशाला प्राचीन धर्म असावा असे वाटू लागले. जॉन ऑब्रीने स्टोनहेंजचे प्रचंड दगडी वर्तुळ ड्रुइडांचे असावे असा तर्क केला. विल्यम स्टुकलीने १७४० साली ग्रंथ लिहून ते ड्रुइडांचेच मंदिर ठरवून टाकले. आज उत्खननातून कळते की ते दगड उभे राहिले तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे अडीच हजार वर्षांचा. ड्रुइडांचा पहिला उल्लेख मिळतो त्याच्या दोन हजार वर्षे आधीचा! तरीही लोकांच्या मनात ड्रुइड आणि स्टोनहेंज यांची सांगड जी बसली ती आजही सुटलेली नाही.

या कथेतला सर्वांत विलक्षण माणूस म्हणजे एडवर्ड विल्यम्स. जन्म १७४७, गाव वेल्समधले, धंदा पाथरवटाचा. दगड घडवून पोट भरणारा हा माणूस वेल्श भाषेचा आणि जुन्या कवितेचा पराकोटीचा व्यासंगी होता. त्याने योलो मॉर्गनुग असे नाव घेतले. इंग्रजांच्या दृष्टीने वेल्श ही खेडवळांची बोली होती; तिला ना राजदरबार, ना विद्यापीठ. आपल्या भाषेची थोरवी सिद्ध करायला योलोने हस्तलिखिते धुंडाळली. आणि जिथे ती सापडली नाहीत तिथे त्याने ती स्वतः लिहिली. जुन्या कवींच्या नावावर कविता, ड्रुइडांच्या नावावर तत्त्वज्ञान, एवढेच काय, त्यांच्यासाठी एक लिपीसुद्धा त्याने रचली. १७९२ साली लंडनच्या प्रिमरोज टेकडीवर त्याने खड्यांचे वर्तुळ मांडून 'गोर्सेद' नावाची कवींची सभा भरवली आणि ती अनादी काळापासून चालत आली असल्याचे जाहीर केले. १८१९ मध्ये कार्मार्थन येथे ही सभा वेल्श साहित्याच्या उत्सवाला जोडली गेली. विसाव्या शतकात ग्रिफिथ जॉन विल्यम्स या वेल्श अभ्यासकानेच योलोची बनावट कागदोपत्री उघडकीला आणली.

मग ती सभा बंद पडली काय? नाही. वेल्सच्या राष्ट्रीय साहित्य-उत्सवात आजही गोर्सेद भरते, झगे घातले जातात, कवीचा सन्मान होतो आणि सगळा कार्यक्रम वेल्श भाषेत होतो. हा विधी एका पाथरवटाने रचला, हे आता लपलेले नाही. तरी लोक तो टिकवून आहेत, कारण त्यामागची गरज बनावट नव्हती. १८४७ साली ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक अहवालाने वेल्श लोकांना अडाणी आणि नीतिभ्रष्ट ठरवले आणि त्यांच्या भाषेलाच दोष दिला. त्या अपमानाला उत्तर देताना लोकांना ताठ उभे राहायला एक जागा हवी होती. योलोने खोटे दगड रचून का होईना, ती दिली.

इंग्लंडमध्येही पुढे ड्रुइडांच्या अनेक मंडळ्या निघाल्या. १९६४ साली रॉस निकल्सने स्थापलेली मंडळी त्यांतली मोठी. निसर्गपूजा, ऋतूंचे सण, कविता आणि ध्यान असे तिचे स्वरूप आहे. २०१० साली तिथल्या धर्मादाय आयोगाने एका ड्रुइड संस्थेचा धर्म म्हणून स्वीकार केला. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने आधुनिक ड्रुइड पंथाचा प्राचीन ड्रुइडांशी अखंड धागा नाही, हे तपशीलवार दाखवले. आजचे अनेक ड्रुइड ते मान्य करतात. आमचा पंथ अडीचशे-तीनशे वर्षांचा आहे, प्राचीनांपासून आम्ही प्रेरणा घेतो, वंशावळ सांगत नाही, अशी त्यांची भूमिका आहे. हा प्रामाणिकपणा मला आदरणीय वाटतो.

पण इथे एक प्रश्न आपणच विचारू शकतो. प्रेरणा घ्यायची ती नेमक्या कोणत्या ड्रुइडाकडून? सीझरचे वर्णन नीट वाचा. ड्रुइडांना कर माफ, लढाईची सक्ती माफ. खून, वारसा, शेताची हद्द, सगळ्या तंट्यांचा निवाडा त्यांच्या हातात. जो त्यांचा निवाडा मानणार नाही त्याला ते यज्ञातून वगळत. हीच त्यांची सर्वांत कडक शिक्षा. अशा माणसाला पाहून लोक बाजूला होत. त्याच्याशी बोलणे, त्याच्या जवळ जाणे टाळत, विटाळ लागेल म्हणून. त्याला न्याय मागता येत नसे, मान मिळत नसे. आणि सामान्य प्रजेची गणना जवळजवळ गुलामांत होई.

हे वाचताना आपल्याला दुभाषा लागत नाही. विद्या तोंडी ठेवणारा, दान घेणारा, निवाडा देणारा आणि बहिष्कार घालणारा वर्ग काय असतो, हे आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना ठाऊक आहे. सीझर शत्रू होता, त्याने अतिशयोक्ती केली असेल, हे मान्य. तरीही आजच्या ड्रुइडांच्या सौम्य, हिरव्यागार चित्रात तो बहिष्कृत माणूस कुठेच दिसत नाही, ही गोष्ट उरतेच. परंपरा पुन्हा उभी करताना माणसे पुरोहिताची पांढरी वस्त्रे उचलतात. ज्याला यज्ञाबाहेर उभे केले त्याची चिंधी कोणी उचलत नाही. जुन्याचे पुनरुज्जीवन करणाऱ्या प्रत्येक चळवळीपुढचा हा धोका आहे, आणि आपल्यापुढचाही.

आता पंढरपूर. विठ्ठल बुद्ध असल्याचा विचार बाबासाहेबांच्या आधीपासूनचा आहे. रेव्हरंड स्टीव्हन्सन यांनी १८४३ साली विठ्ठलभक्तांवर निबंध लिहिला आणि त्यांना 'बौद्ध-वैष्णव' असे नाव दिले. संतांच्या अभंगांत विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटल्याचे उल्लेख आहेत. जुन्या पंचांगांतल्या दशावतारांच्या चित्रांत नवव्या, म्हणजे बुद्धाच्या जागी विठ्ठल उभा असे. वारीतली अहिंसा, वाळवंटातला समतेचा सूर, हेही पुराव्यात मांडले जाते. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना करताना बाबासाहेबांनी पंढरपूरची मूर्ती ही बुद्धाचीच असल्याचे सांगितले आणि त्यावर ग्रंथ लिहिण्याचा मनोदय व्यक्त केला. 'पुंडलिक' आणि 'पांडुरंग' या नावांचा संबंध त्यांनी 'पुंडरीक', म्हणजे कमळ, या शब्दाशी जोडला. दोनच वर्षांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि तो ग्रंथ व्हायचा राहिला.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. विटेवर समचरण, कमरेवर हात, ही ठेवण बुद्धमूर्तींच्या ओळखीच्या मुद्रांत बसत नाही. देवळातला शके ११५९, म्हणजे इसवी सन १२३७ चा होयसळ राजा सोमेश्वराचा लेख भीमरथीच्या काठच्या 'पंडरगे' या कानडी नावाच्या क्षेत्राबद्दल बोलतो. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले. पट्टणकोडोलीचा विठ्ठल-बिरदेव त्यांनी साक्षीला घेतला. वैष्णव आणि बौद्ध छटा त्यावर पुढे चढल्या असे त्यांचे म्हणणे. म्हणजे निर्णायक पुरावा बुद्धाच्या बाजूने नाही. तसा तो विष्णूच्या बाजूनेही नाही. रा. गो. भांडारकरांसारख्या थोर पंडितानेही 'विष्णू'चे कानडीत 'बिट्टि' आणि त्याचे पुढे 'विठ्ठल' अशी व्युत्पत्तीच पुढे केली होती. व्युत्पत्ती त्यांचीही, व्युत्पत्ती आपलीही. फरक एवढाच की त्यांच्या व्युत्पत्तीला विद्वत्ता म्हणतात आणि आपल्या व्युत्पत्तीला ओढाताण.

पण या वादात आपल्या लोकांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विठ्ठल बुद्ध असल्याचा जो सर्वांत जुना आणि ठळक आधार, म्हणजे संतांचे उल्लेख आणि पंचांगांतली चित्रे, तो बुद्धाला विष्णूचा नववा अवतार मानूनच उभा आहे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपण घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पाचवी प्रतिज्ञा काय सांगते? बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे आपण मानत नाही. तो खोटा प्रचार आहे. म्हणजे ज्या पुराव्याने आपण विठ्ठल जिंकायला निघतो, तोच पुरावा आपण प्रतिज्ञापूर्वक नाकारलेला आहे! विठ्ठलाला बुद्ध म्हणता म्हणता बुद्धाचाच पुन्हा विठ्ठल व्हायचा. शतकानुशतके याच वाटेने बुद्धाला गिळंकृत केले गेले.

मग बाबासाहेबांचे विधान चुकीचे होते काय? मला ते एका संशोधकाचे अनुमान वाटते. ग्रंथ लिहून ते तपासायची त्यांची तयारी होती. त्यांनी धम्माचा पाया मात्र त्यावर घातला नाही. देहूरोडला त्या दिवशी स्थापलेली बुद्धमूर्ती पंढरपूरची नव्हती, रंगूनहून आणलेली होती. नागपुरात दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी हे मूळचे आराकानचे. कार्ल्याची, भाज्याची, जुन्नरची लेणी आपल्या डोंगरांत उभी होती आणि कान्हेरीला नवव्या शतकापर्यंत भिक्खूंना दाने मिळत होती, हे शिलालेख सांगतात. पण त्या भिक्खूंपासून महारवाड्यापर्यंत येणारा अखंड धागा कागदावर दाखवता येत नाही. १९४८ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्य हे मूळचे बौद्ध असल्याचा सिद्धांत मांडला, तोही पुराव्यातल्या रिकाम्या जागा तर्काने भराव्या लागतात हे उघडपणे सांगून. योलोने रिकाम्या जागी बनावट हस्तलिखित ठेवले. बाबासाहेबांनी रिकामी जागा रिकामी म्हणून दाखवली आणि तिथे आपला तर्क, तर्क म्हणूनच मांडला. दोघेही अपमानित समाजाचे होते; मार्ग मात्र वेगळे.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रारंभीच बाबासाहेबांनी चार प्रश्न उभे केले आहेत: सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा, चार आर्यसत्यांचा, कर्म आणि पुनर्जन्माचा, आणि भिक्खूसंघाच्या हेतूचा. म्हातारा, रोगी आणि मृतदेह पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही परंपरागत कथा त्यांनी बुद्धीला न पटणारी म्हणून बाजूला ठेवली. परंपरेपुढे हात जोडणारा माणूस असे करीत नाही. जुने तपासून, निवडून, नव्या माणसाच्या मुक्तीसाठी त्याची मांडणी करणारा करतो. म्हणून "तुमचा धर्म १९५६ सालचा" या टोमण्याला माझे उत्तर आता सरळ आहे. होय, आमचा निर्णय १९५६ सालचा आहे. आणि तो निर्णय आहे, हीच त्याची प्रतिष्ठा. जन्माने चिकटलेला धर्म टाकून लाखो माणसांनी जाणतेपणी एक मार्ग स्वीकारला, असे दिवस जगाच्या इतिहासात किती आहेत?

आणि पुरावा मागणाऱ्यांनाही एक विचारावे. पंढरपुरात बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क शतकानुशतके चालले. ते रद्द करायला १९७३ चा कायदा करावा लागला आणि त्यावर शेवटचा शिक्का सर्वोच्च न्यायालयात बसायला २०१४ उजाडले. देवळाच्या आतल्या माणसाला परंपरा हा कागद पुरतो. बाहेरच्याकडे मात्र दर पावलाला पुरावा मागितला जातो. इतिहास म्हणजे केवळ काय घडले एवढेच नव्हे. कोणी कोणाकडे दाखला मागायचा, हेही त्यात ठरलेले असते.

शेवटी ज्या जागेचा पुरावा कोणीही नाकारू शकत नाही तिथे जाऊ. महाद्वारासमोर, नामदेवाच्या पायरीजवळ चोखोबाची समाधी आहे. चोखोबा चौदाव्या शतकातले. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून ते गेले. त्यांच्या अस्थी इथवर आल्या आणि दाराशी थांबल्या. पुढे सहाशे वर्षे त्यांचे जातभाई त्याच जागेपर्यंत येत राहिले. १ मे १९४७ पासून साने गुरुजींनी इथे उपोषण केले, तेव्हा दार उघडले. बाबासाहेबांनी १९४८ चा तो ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला वाहिला. आपल्या मार्गात नसलेल्या संताला त्यांनी आपल्या वारशातून वगळले नाही.

माझी आजी त्या समाधीवर डोके टेकून, कळसाला हात जोडून परत फिरत असे. दार उघडल्यावर ती एकदाच आत गेली. छप्पन्न नंतर तिने वारी सोडली. "आत काय दिसले?" असे मी लहानपणी विचारले तेव्हा ती म्हणाली, "गर्दी." तेवढेच. विठ्ठल कोण होता, हा प्रश्न तिला पडला नव्हता. आपण बाहेर का उभे होतो, हा पडला होता.

दाराबाहेर उभे राहिलेल्या माणसांचा इतिहास हा आपला निर्विवाद वारसा आहे. तो सिद्ध करायला व्युत्पत्ती लागत नाही, बनावट हस्तलिखित लागत नाही. पण तो लिहिला गेलेला नाही. सत्तेचाळीसच्या आधीची वारी ज्यांनी दाराबाहेरून केली ती माणसे आता क्वचितच उरली आहेत. त्यांची मुले, नातवंडे आहेत. गाडगेबाबांनी बांधलेल्या चोखामेळा धर्मशाळेत कोण उतरत होते, कोणत्या गावचे वारकरी वाळवंटात कुठे वेगळे बसत, पाणी कुठून भरत, छप्पन्न नंतर कोणत्या घरातली माळ कशी उतरली, हे अजून विचारता येते. आपल्या तरुणांनी मूर्तीचा दगड कोणाचा यावर रात्री जागवण्यापेक्षा एक वही घेऊन घरोघरी जावे. जे ऐकू येईल ते जसेच्या तसे लिहावे आणि जिथे आठवण तुटते तिथे ओळ कोरी सोडावी. ती कोरी ओळ भरण्याचा मोह योलोला आवरला नाही. आपल्याला तो आवरता आला पाहिजे.